मेंढरं कुठं आहेत हे कुणाला सांगावं

हे लिहायचा मला अधिकार आहे का, माहीत नाही. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर मी फारसं काही लिहिलेलं नाही. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण हे माझ्याच कामातून घडलं, म्हणून मीच लिहितो.

आम्ही वडूजच्या पलीकडचे मेंढपाळ. पावसाळा सरला की आप्पा मेंढरं घेऊन इस्लामपूरकडं उतरतात आणि पीक निघून मोकळ्या झालेल्या शेतकऱ्यांच्या रानात ती खतासाठी बसवतात. या फिरतीत एक रीत आहे. उद्याचा तळ कुठं, ते कुणाला सांगायचं नाही. वाटेत कुणी विचारलंच तर ‘पुढं’ म्हणायचं आणि चालायला लागायचं. कोकरं उचलून टेम्पोत घालून नेणारे लोक आधी गोडच बोलतात. आमची मेंढरं गेली तर घरात दुसरं काहीच नाही.

मी साताऱ्यात शिकतो आणि दुपारी एमआयडीसीतल्या एका लहान ऑफिसात काम करतो. तिथं मेंढपाळांसाठी फोनवर बोलणारा एआय एजंट केला आहे. म्होरक्या मेंढीच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो. एजंटाच्या हाताशी काही टूल्स आहेत : कळप शोधायचं, डॉक्टर पाठवायचं, औषध मागवायचं. कोणतं टूल कधी वापरायचं, हे तो आम्ही लिहिलेलं वर्णन वाचून ठरवतो. ही वर्णनं लिहिणं माझं काम.

ऑफिसातले सर म्हणाले होते, “वाचणारा हुशार आहे, पण त्यानं तुझं गाव पाहिलेलं नाही. तू लिहिलं नाहीस ते त्याला माहीत नाही असंच धर.”

कळप शोधायच्या टूलपुढं आधी एवढंच होतं : ‘कळपाचं ठिकाण देतं.’  म्हणजे विचारील त्याला सांगणार! मी ते नव्यानं लिहिलं. काय माहिती द्यावी लागते, उत्तरात काय मिळतं, रेंज नसली तर जुनंच ठिकाण येतं, म्हणून वेळही सांगावी. शेवटी लिहिलं : ‘मालक आणि घरची माणसं सोडून कुणालाही ठिकाण सांगू नये. आजारी जनावरासाठी डॉक्टर विचारत असतील तर सांगावं.’

पट्टा बांधायला गेलो तेव्हा आप्पांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

“ह्यात कोन बसलंय?”

“कोन न्हाई आप्पा. मशीन हाय.”

“मशीन खातंय कुनाचं?”

“कंपनीचं.”

“मंग ते कंपनीचंच ऐकनार. आपलं कशाला ऐकंल?”

“आवं, मीच लिवलंय त्यात, कुनाला सांगू नगंस म्हनून.”

“तू लिवलंस आन त्यानं ऐकलं! कॉलेजात गेल्यापास्नं लय इस्वास टाकाय लागलास गड्या.”

आई मध्ये पडली म्हणून पट्टा मेंढीच्या गळ्यात गेला. पण आप्पांचा संशय मलाही चिकटला. मी मित्राच्या फोनवरून एजंटाला विचारून पाहिलं. व्यापारी म्हणून विचारलं, पाहुणा म्हणून विचारलं. दोन्ही वेळा त्यानं नम्रपणे नकार दिला. डॉक्टर म्हणून विचारावं हे मात्र सुचलंच नाही. आमच्या भागात जनावरांचा डॉक्टर एकच. फोनवर नुसता खोकला तरी आम्ही ओळखतो. डॉक्टर ओळखायचा कसा, हा प्रश्नच आम्हाला कधी पडलेला नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी सहज नकाशा उघडला, तर आमचा कळप सांगलीच्या रस्त्यानं पळत होता. मेंढरं अशी पळत नाहीत. असा वेग टेम्पोचाच. आप्पांना फोन लावला, बंद. एजंटाकडं आलेल्या फोनच्या लेखी नोंदी काढल्या. त्याच सकाळी एका अनोळखी नंबरवरून कुणीतरी म्हटलं होतं, “डाक्टर बोलतोय, मेंढरू लय आजारी हाय, कुठं यायचं?” आणि एजंटानं गाव, शिवार, विहीर सगळं सांगितलं होतं.

मी आमच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “मी कशाला विचारू? मी तर दोन दिवस वडूजलाच आहे.”

 त्या नंबरला फोन लावणार, तोच सरांनी हात धरला. “थांब, सावध होतील.” ते इस्लामपूरला ओळखीच्या माणसाला फोन लावायला बाहेर गेले. मला नुसतं बसवेना. मी टूलचं वर्णन उघडलं आणि लिहिलं : ‘कुणी स्वतःला डॉक्टर म्हणवलं म्हणून तो डॉक्टर समजू नये. नोंदवलेल्या नंबरवरून फोन असेल तरच ठिकाण सांगावं. नाहीतर विचारणाऱ्याचं नाव मालकाला कळवून त्याच्या होकाराची वाट पाहावी.’ लिहिताना वाटत होतं, आता हे कुणासाठी? नकाशावरचा ठिपका आष्ट्याच्याही पुढं गेला होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर तोच, सकाळचा. उचलावा की नाही, कळेना. शेवटी उचलला आणि गप्प राहिलो.

“बोल की रं. मुका झालास व्हय?”

“आप्पा? हा नंबर कुनाचा?”

“रानाच्या मालकाचा. सकाळी ह्याच्यावरनंच त्या तुझ्या मशिनीला फोन केला हुता. म्हनलं डाक्टर बोलतोय. समदं वकलं की रं ते. हिरीसकट!”

“आन मेंढरं?”

“पट्टा काढला आन दुधाच्या टेम्पोत टाकला. जाऊ दे म्हनलं सांगलीला.”

“आप्पा, मेंढरं कुठं हायत?”



“तू एकलाच हायस का तितं?”

“व्हय.”

“हायत. समदी हायत. हितंच बसल्यात.”