वहिनींच्या नावावरचं लायसन्स

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. पलीकडून पुतण्या, वसंता, बोलत होता. "काका, आई गेली. झोपेतच." मी "बरं, निघतो" म्हणालो, फोन ठेवला आणि राहिलेली दाढी केली. अंबरनाथला पोचलो, खांदा दिला, परत आलो. आता महिना होऊन गेला. माणसं भेटायला येतात, त्यांना मी सगळं नीट सांगतो. पण रडू म्हणून येत नाही. माझा थोरला भाऊ, दादा, गेला तेव्हाही मला रडू आलं नव्हतं... वहिनींनाही.

एकोणीसशे पन्नासच्या आसपासची ही गोष्ट. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली होती. तिचं नाव उल्हासनगर पडलं तरी आम्ही कॅम्पच म्हणायचो. दादा बांधकामाचा कंत्राटदार होता. कॅम्पातल्या बराकींना आडभिंती घाल, पत्रे बदल, असली कामं तो घ्यायचा. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या दोन खोल्यांत दादा, वहिनी, लहानगा वसंता आणि मी राहायचो. मी कारखान्यात कारकून होतो. काम कितीही लहान असो, दादाकडे लायसन्स असायचं, सरकारी कंट्रोलवर मिळणाऱ्या सिमेंटचं परमिट असायचं आणि मजुरांचा विमाही. विमा बरेच कंत्राटदार काढायचेच नाहीत. दादाच्या मागे वहिनी लागायच्या. "उद्या कुणी पडला तर त्याच्या बायकोला मी काय तोंड दाखवू?" एवढंच म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

बदलापूरला शाळेचं काम चालू होतं. भिंती छपरापर्यंत आल्या होत्या. एका दुपारी बांबूंची परांची एका बाजूने सुटली आणि तिच्यावर उभे असलेले दादा आणि धर्मा गवंडी, दोघं खाली आले. धर्माचा पाय मोडला. दादा कल्याणच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. दादाचे दिवस झाल्यावर विम्याचा एजंट घरी आला, टोपी मांडीवर ठेवून बसला. म्हणाला, "बाई, पॉलिसी मजुरांची आहे. मालक त्यात धरत नाहीत." वहिनींनी विचारलं, "धर्माला मिळेल ना?" तो म्हणाला, "त्याला मिळेल." "मग चहा घ्या," म्हणून त्या आत गेल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला राग यायला हवा होता, असं नंतर पुष्कळदा वाटलं. तेव्हा फक्त स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज ऐकू येत होता.

शाळा तशीच राहिली. लायसन्स माणसाबरोबर संपतं, परमिटही त्याच्याच नावाचं. जागेवर आणून ठेवलेल्या सिमेंटच्या पोत्यांनी ओल धरली असती तर त्यांचा दगड झाला असता, आणि नवीन सिमेंट मिळण्याचा रस्ता नव्हता. दादाची माणसं रोज सकाळी येऊन दारात बसायची, उन्हं चढली की उठून जायची. शेवटी वहिनी आणि मी कल्याणच्या लायसन्स कचेरीत गेलो. तिथले साहेब वयस्कर होते, भले होते. पण बोलत होते ते माझ्याशीच. "दिराच्या नावावर करून टाका. बाईंनी कशाला उन्हातान्हात..." मी हो म्हणणार होतो, तोच वहिनी म्हणाल्या, "भाऊजींचं नाव नको. त्यांची नोकरी आहे, तिच्यावर घर चाललंय. तेही पडले तर मग कुणीच नाही."

साहेबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचा अनुभव?"

"नाही."

"शिक्षण?"

"चौथी."

"मग कशाच्या जोरावर मागता?"

वहिनींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "साहेब, शाळेला छप्पर नाही. ते होईपर्यंत द्या. मग काढून घ्या."

साहेबांनी चष्मा पुसला. कामावर देखरेखीला शिकलेला ओव्हरसियर ठेवा, मजुरांचा विमा आधी काढा, मग बघू, असं म्हणाले.

ओव्हरसियर कॅम्पात मिळाले. लालचंदभाई कराचीला बांधकाम खात्यात होते. इथे बराकीसमोर फळकुट टाकून गोळ्या-बिस्किटं विकायचे. वहिनींचं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बहेनजी, लायसन आपके नाम का, तो हुकम आपका. मैं दस्तखत कर दूँगा." वहिनींनी मला त्यांना सांगायला लावलं, की नुसती सही नको, कामावर उभं राहायला पाहिजे. ते हसले नाहीत. "खड़ा रहूँगा," म्हणाले, आणि शाळा होईपर्यंत उभे राहिले. लायसन्स त्या एका कामापुरतं मिळालं. छापील कागदावर आधीच 'श्री' होतं. कारकुनाने शाईने त्याच्यापुढे 'मती' जोडलं. शाळेवर छप्पर चढलं. साहेबांनी लायसन्स काढून घेतलं नाही, पुढच्या वर्षी मुदत वाढवून दिली. मग कॅम्पातली कामं, वांगणीची धर्मशाळा... वहिनी कंत्राटदारच झाल्या. स्वतःचा अपघाती विमा काढायचं त्यांनी एजंटला विचारलं होतं. कंपनी बाईमाणसाचा काढत नाही, असं उत्तर आलं. त्या "बरं" म्हणाल्या. परांचीवर मात्र कधी चढल्या नाहीत. वर माणसं असली की खाली एका बांबूला हात लावून उभ्या राहायच्या. सुटलेली परांची हाताने थांबत नाही, हे त्यांना ठाऊक होतंच.

वसंताही पुढे कंत्राटदार झाला; परवा बदलापूरला त्याच्या कामावर गेलो. तो परांचीखाली उभा होता, बांबूला हात लावून, बोलत होता भलत्याच गोष्टीबद्दल. मी विचारलं, "असा का उभा राहतोस?" त्याने हाताकडे पाहिलं. "लक्षातच येत नाही, काका." मी पलीकडच्या बांबूला हात लावला. बांबू तापला होता. वर कुणीतरी चालत होतं, त्याची थरथर तळहातापर्यंत येत होती. शेवटचा गडी उतरेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.