ऑलिव्ह काढण्यासाठी रजा

मस्कतजवळ रुसैलच्या कारखान्यात रजांचा तक्ता माझ्याकडे होता, म्हणजे शिव्याही माझ्याच वाट्याला. ऑक्टोबरात ऑर्डरींची झुंबड, म्हणून ऑफिसातून एकालाच रजा, असा मॅनेजरचा नियम. त्या वर्षी ती रजा माझी होती. दिवाळी, रत्नागिरीचं तिकीट, सासूबाईंना दिलेला शब्द, सगळं पक्कं.

आणि आमचा मेन्टेनन्सचा इंजिनिअर अर्ज घेऊन आला. पॅलेस्टिनी माणूस, वेस्ट बँकेतल्या खेड्यातला. मला उख्ती म्हणायचा, बहीण. अर्जात कारण लिहिलं होतं: ऑलिव्ह काढणे.

मला हसूच आलं. म्हटलं, "इंजिनिअरसाहेब, तेवढ्यासाठी अम्मानपर्यंत विमान, मग तो सरहद्दीचा पूल, तासन्‌तास तपासणी? राहू दे की जमीन पडीक. आमच्या कोकणात तेच करतात. कसायला दिली की कूळ लागतं, जमीन हातची जाते. पडीक ठेवली की बिनघोर."

नको तिथे शहाणपणा! तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "तुमच्याकडे कसणारा जमीन नेतो. आमच्याकडे न कसणाऱ्याची जाते!"

मग बसला आणि सांगू लागला. तीन वर्षं जमीन कसली नाही तर इस्रायली लष्कर ती सरकारी ठरवू शकतं. वरच्या टेकडीवर इस्रायली वसाहत आधीच झालेली, त्यामुळे शेतात जायलाही लष्कराची परवानगी लागते. वडील आजारी पडले, दोन वर्षं झाडांना कुणाचा हात लागला नाही, आणि मग वडीलही गेले. हे तिसरं वर्ष. आईचे गुडघे गेलेले, भाऊ नाही. तो गेला नाही तर जमीन खलास.

"नोकरी गेली तरी जाणार," तो म्हणाला.

मला लाज वाटली. आणि राग तर असा आला म्हणता! स्वतःच्या बापाच्या झाडाचं फळ काढायला लष्कराची परवानगी, आणि वर आमच्या मॅनेजरचीही?

मी माझं नाव खोडलं, त्याचं लिहिलं आणि तक्ता मॅनेजरपुढे ठेवला.

"तो तुमचा कोण लागतो?"

"कोणी नाही. सही करा."

"ते राजकारण कारखान्याबाहेर ठेवा."

"जमीन त्याच्या बापाची आहे, साहेब. राजकारण त्यात दुसऱ्यांनी घुसवलंय."

तो पेन फिरवत बसला, मी उभीच राहिले. शेवटी केली बाबाने सही. सासूबाई पंधरा दिवस फोनवर आल्या नाहीत. म्हटलं, तेवढीच शांतता.

इंजिनिअर परतला तो हाताला पट्टी बांधून. लष्कराने दोनच दिवस शेतात जाऊ दिलं होतं. खालची एक ओळ वसाहतवाल्यांनी आधीच कापून टाकलेली. हा शिडीवर चढल्यावर वरून दगड आले, एक हाताला लागला. खाली आई चादर पसरून बसलेली, तीही हलली नाही आणि हाही उतरला नाही. उरलेल्या सगळ्या झाडांची फळं मायलेकांनी उतरवली.

त्याने ऑफिसात तेलाचा लहानसा डबा आणला होता. मॅनेजर बघून म्हणाला, "एवढ्याशा तेलासाठी एवढं रामायण?"

"तेल काय, इथे मस्कतला मत्रहच्या बाजारातही मिळतं," इंजिनिअर म्हणाला. "कापलेल्या ओळीत नवी रोपं लावून आलोय. फळ धरायला पाच वर्षं लागतात."

आणि त्याने माझ्यासमोर रजेचे पाच अर्ज ठेवले, पुढच्या पाच ऑक्टोबरांचे.

मी मॅनेजरच्या देखत पाचही अर्जांवर ‘अर्ज मिळाला’ असा शिक्का मारला.