भुताच्या चेहऱ्याची चौकट

अन्याय झाला तो औंढ्यातल्या आमच्या चित्रकार काकांवर. झाला गेल्या पोळ्याला, ‘पाण्याखालचा’ या भुताच्या चित्रकथेचा नवा अंक आला त्या सकाळी.

लहानपणी तुम्हीही ती वाचली असणार. धरणात बुडालेल्या गावातलं भूत वर येतं आणि दिसेल त्याला विचारतं, “माझं घर कुणीकडं?” वर्षानुवर्षं काका एकटेच लिहायचे, एकटेच काढायचे. फक्त भुताचा चेहरा काढायचे नाहीत. शेवटच्या पानावर त्या जागी रिकामी चौकट. का म्हणून विचारलं, की पेन्सिल कानावर खोचून म्हणायचे, “मला न्हाई दिसला बा. तुला दिसला व्हय?”

मग बाजारच्या दिवशी पोरं चौकट भरून आपापला अंक घेऊन त्यांच्या खोलीवर हजर. गावातली, तांड्यावरची. कुणी शिंगं काढलेली, कुणी मेलेला आजा. मी आमचे गणिताचे गुरुजी काढले होते. काका दचकलेच. “आरं बापरे! हे तर रोज चहाला येतंय माझ्याकडं!”

एकट्या माणसाच्या त्या खोलीत आठवड्यातून तेवढाच गोंगाट.

प्रकाशक बदलला. त्यानं मालिका पुण्याच्या तिघांना दिली. त्यांना वाटलं, म्हातारा चौकट भरायचं विसरत होता. त्यांनी भरली. लाल डोळे, हे एवढाले दात. काकांना विचारणं सोडा, साधा फोन नाही!

मी तणतणत गेले. बाजारचाच दिवस होता. दार सताड उघडं, पोरांसाठी सतरंजी अंथरलेली, आणि तिच्यावर कुणी नाही.

“काका, पत्रक काढते. प्रकाशकाच्या दारात जाऊन बसू.”

“काहून? बरं काढलंय की पोट्ट्यांनी. भुताचे दात तर लई साफ.”

“मग ही सतरंजी कुणासाठी?”

काका रस्त्याकडे बघत राहिले. कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा खोचली.

“चेहरा छापूनच येऊन राहिला आता. लेकरं दाखवायला काय आणतील?”

पत्रक मी काढलंच, हे तेच.

म्हणून मागणी प्रकाशकाकडे नाही, तुमच्याकडे आहे. त्या दातांवर कोरा कागद चिकटवा. घरातल्या लेकराच्या हातात पेन्सिल द्या. आणि येत्या बाजारी त्याला काकांच्या खोलीवर घेऊन जा. भाजी नंतर घ्या.