जयपूरच्या गच्चीवरची होडी

मला पोहता येत नाही. मी होडी बांधायला घेतली तेव्हा 'पोहता येतं का?' हा प्रश्न मला कुणीच विचारला नाही.

मी मूळचा अकोल्याचा, नोकरी विमा कंपनीत, ऑफिस जयपूरच्या झालाना भागात. होडीशी माझा संबंध आला तो सासऱ्यांमुळे. अण्णा मालवणचे. उभा जन्म लहान शिडाच्या होड्या बांधण्यात गेला. आधी नुसत्या लाकडाच्या, मग लाकूड आणि फायबरच्या. सासूबाई गेल्यावर मेधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांना इकडे जयपुरात आणलं. तेव्हापासून ते गॅलरीत बसून समोरच्या वाळक्या टेकडीकडे बघत असत. बोलणं जेमतेम. लग्नाला बारा वर्षं झाली, पण माझ्या एकाही गोष्टीला त्यांनी 'बरी' म्हटलेलं मला आठवत नव्हतं. मला ते एकदा ऐकायचं होतं. खरंच सांगतो राजेहो, फार ऐकायचं होतं!

"अण्णा, आपण गच्चीवर एक होडी बांधू या," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "कोण बांधतलो?"

"मी. तुम्ही फक्त सांगा."

"हं," अण्णा म्हणाले. (पण खुर्ची मात्र त्यांनी त्याच दिवशी गच्चीवर हलवली!)

सागाचा कणा आणि फासळ्या सुताराकडून कापून आणल्या. त्या अण्णांच्या देखरेखीखाली जोडल्या. इथवर माझं बोटही सलामत होतं. मग आलं फायबर, आणि माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. चटईसारखं पांढरं कापड, त्यावर काकवीसारखं दाट रेझिन, त्यात चमचाभर हार्डनर. आणि तासाभरात या सगळ्याचा दगड! मला राहवेना.

"अण्णा, हे घट्ट कसं काय होतं?"

"होता."

"पण का होतं?"

"तुमी ढवळा. एका डब्याक एक टोपण. जास्त नको."

आता 'जास्त नको' म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात एकच विचार येतो. जास्त घातलं तर काय होईल? मे महिना, वर जयपूरचं ऊन, खाली तापलेली फरशी. अण्णा जेवायला खाली गेले होते. मी अख्ख्या बादलीभर रेझिनमध्ये दुप्पट टोपणं घातली. निव्वळ जिज्ञासा!

काय होतं ते मला तीन मिनिटांत कळलं. बादलीतून धूर निघायला लागला. ब्रश आत उभाच्या उभा रुतला. तो ओढून काढायला मी बादलीवर पाय दिला, बादली कलंडली, आणि माझी डावी चप्पल गच्चीला कायमची चिकटली. (ती अजून तिथेच आहे. शेजारी आपापल्या गच्चीवरून भक्तिभावानं बघतात.)

शेजारच्या गच्चीवरून माथुरजी डोकावले. "भाईसाहब, कुछ जल रहा है?"

"नहीं जी, नाव बन रही है!"

"नाव?" त्यांनी चारी दिशांना मान फिरवून पाहिलं. "चलेगी कौनसे पानी में?"

 याचं उत्तर शेवटी त्यांनीच दिलं. जयपूरजवळच्या चौमूंच्या बाजूला त्यांच्या साल्याचं शेत होतं आणि शेतात तळं.

पण खरी अडचण वेगळीच होती. उरलेलं रेझिन पुरेना. अण्णांनी तीन थर सांगितले होते. मागच्या भागाला तीन बसले, मधल्या भागाला तीन बसले, आणि नाकाशी आल्यावर डबा खडखडला. तिथे मी एकच थर दिला. म्हटलं, पुढे बसणार आहे कोण? वरून निळा रंग मारला, झकास! संध्याकाळी अण्णा बोटाच्या पेरानं टकटक करत, कान लावून होडी तपासू लागले. मागून सुरुवात केली, मध्यापर्यंत आले. नाकापाशी पोचणार एवढ्यात मी त्यांच्या हातात चहा दिला.

शिडासाठी मेधाची सांगानेरी छापाची चादर गेली. लेक आर्या म्हणाली, "बाबा, मतलब ही डुबणार तर नाही ना?"

"छे! मुहूर्तावर सोडतोय. नारळ वाढवून!"

नारळ मी स्वतः निवडला. अण्णांच्या मते जयपूरचे नारळ म्हणजे नुसती शेंडी. म्हणून दुकानात उभा राहून एकेक नारळ कानाशी हलवून पाहिला. तेराव्याला दुकानदार म्हणाला, "भाईसाहब, लेना है या बजाना है?" मी सगळ्यात जड, सगळ्यात टणक नारळ घेतला.

रविवारी सकाळी होडी दोरांनी गच्चीवरून उतरवली आणि ती टेम्पोतून चौमूंला पोचली. तळ्याकाठी निळी होडी, वर लाल बुट्ट्यांचं शीड. अण्णांनी नवा पांढरा सदरा घातला होता. बोट ओलं करून त्यांनी वारा पाहिला, होडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळ्यांत पाणी होतं. मी कान टवकारले. अण्णांनी तोंड उघडलं.

"जावयबापू, होडी..."

"थांबा अण्णा, आधी नारळ!" मी ओरडलो. उत्साह, दुसरं काय! नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि होडीच्या नाकावर हाणला.

"अवो, दगडार! दगडार फोडा!" अण्णा ओरडले, पण उशीर झाला होता.

खाडकन आवाज झाला. नारळ होडीचं नाक फोडून आत शिरला आणि गडगडत मागच्या टोकाला जाऊन थांबला. अख्खा! साधी चीरसुद्धा नाही.

अण्णा वाकले, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "हय एकच थर?"

मी मान खाली घातली. मग मला एक विचित्र आवाज ऐकू आला. अण्णा हसत होते! पोट धरून, खोकत, टेम्पोला टेकून. सासूबाई गेल्यापासून मेधानं वडलांना हसताना पाहिलं नव्हतं. तीही रडत रडत हसायला लागली.

हसू ओसरल्यावर अण्णांनी होडीतून नारळ उचलला, कानाशी धरून हलवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"नारळ मात्र बरो निवडलात हां!"

बारा वर्षांतलं माझं हे पहिलं कौतुक. मी ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. फक्त तेव्हा त्याला गच्चीवर, त्या चपलेपाशी, जाऊ देत नाही.