लव्हाळ्याचं बी

तळ्याकाठच्या चिखलात लव्हाळ्याचे दोन ठोंब शेजारी शेजारी उभे होते. दोन्हींचे दांडे तिधारी, दोन्हींचे तुरे तपकिरी. माझी पत्नी वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि पावसाळा सरताना दरवर्षी इथे यायची. ती गेल्यानंतर यंदा पहिल्यांदाच मी आमच्या मुलीबरोबर आलो होतो.

"दोन्ही एकच दिसतायत," मी म्हणालो.

"बाबा, आई असती तर केवढी ओरडली असती! बी न बघता बोलायचं नाही."

तिने दोन्ही तुरे तळहातावर वेगवेगळे चोळले, हलकी फुंकर घालून फोलपटं उडवली आणि भिंग माझ्या हातात दिलं. एक बी तीन कडांचं होतं, दुसरं मसुराच्या दाण्यासारखं चपटं. तिळाहूनही बारीक दाण्यांत एवढा स्वच्छ फरक! कुणी पाहावा म्हणून तो घडलेला नव्हता, तरी घडणीत कुठे कसूर नव्हती. या एवढ्याशासाठी माझी पत्नी घोटाभर चिखलात तास तास उभी राहायची, आणि मी काठावर पुस्तक वाचत बसायचो.

"अगदी आईसारखी आहेस तू," मी नेहमीप्रमाणे म्हणालो.

ती हसली नाही. "सगळे तेच म्हणतात, बाबा. मला कुणी बघतच नाही."

मी भिंग खाली ठेवलं आणि तिच्याकडे पाहत राहिलो. ती आणखी एक तुरा चोळू लागली होती, खालचा ओठ दातांत धरून. तिची आई असं कधीच करत नसे.