फोटोला हार

इथे आखातात, मुहर्रकच्या जुन्या बाजारात आमचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. फ्रेम करतात आमचे हे. मी गल्ल्यावर बसते आणि नको तिथे नाक खुपसते.

गेल्या हिवाळ्यात एक जर्मन बाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, सनाबिसला मुलीकडे कायमच्या राहायला आलेल्या. त्यांनी पिशवीतून वडिलांचा फोटो काढला. लष्करी गणवेश, गळ्याशी क्रॉसचं पदक.

"हे पदक झाकता येईल?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी माउंटचा पुठ्ठा लावून पाहिला. पदक झाकायचं तर हनुवटीही जात होती, आणि हनुवटी हुबेहूब बाईंची.

"शौर्याचं पदक ना? मग झाकता कशाला?" मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, दुसऱ्या महायुद्धात वडील पायदळात साधे शिपाई म्हणून लागले आणि लढता लढता अधिकारी झाले. रशियाच्या बर्फात दोनदा जखमी झाले. वेढ्यात सापडलेली आपली तुकडी त्यांनी जिवंत बाहेर काढली, त्याचं हे पदक. पुढे कैद, मग घर, आणि मरेपर्यंत मौन.

"माणसं वाचवली हे खरं," बाई म्हणाल्या. "पण ज्यांच्यासाठी लढले, त्यांनी लाखो निरपराध मारले. तेही खरं."

म्हणून फोटो आयुष्यभर ट्रंकेत राहिला होता. आता त्यांना वडील भिंतीवर हवे होते, पदक नको होतं. वडिलांचा दुसरा धड फोटोही नव्हता. मला फार वाईट वाटलं. हे म्हणाले, उद्या या.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी फ्रेमवरचा कागद सोडला आणि बाईंचा चेहरा उतरला. फ्रेमला चंदनाचा हार होता. गेलेल्या माणसाचा फोटो म्हटला की ह्यांचा हात आपोआप हारांच्या खोक्याकडे जातो.

"तुम्ही माझ्या वडिलांचा सत्कार केलात?"

हे गडबडले. "नो नो मॅडम. फादर एक्सपायर्ड, सो."

मग मीच सांगितलं. आमच्यात फोटोला हार म्हणजे माणूस गेला, एवढंच. माझ्या चुलतसासऱ्यांनी दारूपायी घरादाराची धूळधाण केली, त्यांनाही हार आहे.

बाई हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. वडिलांसाठी आजवर रडताच आलं नव्हतं, म्हणाल्या.

हार नेमका पदकावर आला होता. हे काही आम्ही ठरवून केलं नव्हतं. बाईंनी डोळे पुसले आणि बोटाने हार जरा बाजूला सारला. पदक दिसू लागलं.

"दोन्ही दिसू दे," त्या म्हणाल्या. निघताना विचारलं, "हार बदलतात कधी?"

"वर्षाने. ते गेले त्या दिवशी."

परवा त्या मुलीला घेऊन आल्या. मी हारांचं खोकं पुढे ठेवलं. मलाही कळावं म्हणून असेल, पण मुलीशी त्या इंग्रजीत बोलल्या.

"तू निवड. तुझे आजोबा आहेत."