येते हं

बँकॉकमधल्या एका गजबजलेल्या रस्त्यालगत जुनं बुद्धमंदिर आहे. दाराशी चपला काढल्या आणि आत शिरताना आईचा उजवा हात सवयीने वर गेला. घंटा शोधत तो तसाच हवेत राहिला.

"घंटाच नाही?" आई म्हणाली. "मग आपण आलोय, हे त्याला कळणार कसं?"

मला हसू आलं. शेजारून कमळाच्या कळ्या घेऊन चाललेली एक थाई म्हातारी मात्र हसली नाही. त्या रिकाम्या हाताकडे तिने क्षणभर पाहिलं आणि आपल्या जुडीतली एक कळी त्यात ठेवली.

कळी वाहून आई जरा टेकली. देवळातून न टेकता निघायचं नसतं. बाहेर हॉर्न चालूच होते. समोर बुद्धाचे डोळे अर्धे मिटलेले. गलबल्याने ते उघडत नव्हते, आणि पुरते मिटतही नव्हते. कोण आलं, कोण गेलं, सगळं त्याला न सांगता कळत असावं. घंटा लागते ती आपल्याला. कुणाच्या तरी दारात आपण आलोय, हे आपल्यालाच ऐकायचं असतं.

गुडघ्यावर हात रोवून आई उठली, हात जोडले आणि शेजारघरी म्हणावं तसं म्हणाली, "येते हं."

या वयात तिचं पुन्हा इथे येणं होणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पण आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत. शेवटचं दवाखान्यात निघाले तेव्हा बाबाही उंबऱ्यावरून तिला 'येतो' असंच म्हणाले होते.